जपानी लोक शॉप बघून गेले, ऑर्डर नाही, नुसते प्रश्न येतायत, रेट कमी करू का?

तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत वडिलांनी काढलेलं मशीन शॉप आहे, आता मुलगा बघतोय. एका जपानी कंपनीचे लोक येऊन गेले, मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या, फोटो काढले, चहा घेतला, त्याला तीन महिने झाले. ऑर्डर नाही, पण दर आठवड्याला ईमेलवर एक नवा प्रश्न येतो, मधी तर पूर आला तर काय करणार असंही विचारलं. त्याच सुमारास एक जर्मन कंपनीचा माणूस आला, त्यानं पहिल्याच दिवशी तोंडावर चुका काढल्या, वडील चिडले, म्हणाले असलं गिऱ्हाईक आपल्याला नको. आणि आता तुम्ही विचारताय की जपान्यांना रेट कमी करून देऊ का म्हणजे एकदाचं फायनल होईल, आणि दोघांतल्या कुणाच्या मागं लागू.

रेट कमी करू नका. हे आधीच सांगतो, नाहीतर बाकीचं वाचायच्या आधीच तुम्ही नवीन कोटेशन पाठवून मोकळे व्हाल.

मी बरीच वर्षं सांगली, मिरज, पलूस, शिरवळ या पट्ट्यातल्या छोट्या युनिटांना परदेशी कंपन्यांचं काम मिळवून द्यायला मदत करतोय, म्हणजे दोघांच्या मधी बसून बोलणी जुळवायची. यात सगळ्यात जास्त घोळ एकाच ठिकाणी होताना बघतो, आपण धरून चालतो की निर्णय एका माणसाच्या हातात असतो आणि तो एका झटक्यात होतो. आपल्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालतात ते बघा, ढिगाजवळ सगळे उभे, बोली लागली, दर निघाला, शेतकऱ्याला पटला तर व्यवहार झाला, नाही पटला तर माल ठेवून घेतला, पाच मिनिटांत निकाल. आपली धंद्याची सगळी सवय त्यातनं आलीय. त्यामुळं तीन महिने निकाल नाही म्हटल्यावर आपल्याला वाटतं की दर पटला नसणार. जपानी कंपनीत निर्णयाचं काम त्या मीटिंगच्या दिवशीपासनं, कदाचित त्याच्याही आधीपासनं, सुरू असतं, फक्त ते तुम्हाला दिसत नाही.

तिकडं आत काय होतं ते सांगतो. जुन्या जपानी कंपन्यांत रिंगी नावाची पद्धत आहे. खालच्या किंवा मधल्या फळीतला एक माणूस प्रस्ताव लिहितो, त्या कागदाला रिंगीशो म्हणतात. तो कागद संबंधित सगळ्या डिपार्टमेंटांतनं फिरतो, परचेस, क्वालिटी, प्रॉडक्शन, डिझाइन, अकाउंट, प्रत्येक जण आपला शिक्का मारतो, आणि मग तो वर जातो. आता बऱ्याच ठिकाणी हे कॉम्प्युटरवर होतं, पण चाल तीच. आणि कागद फिरायच्या आधी तो लिहिणारा माणूस प्रत्येकाला वेगवेगळा भेटून, तुमची काय शंका आहे का, असं विचारून घेतो, त्याला ते नेमावाशी म्हणतात. भर मीटिंगमध्ये कुणी उठून विरोध केला तर तो त्या लिहिणाऱ्याचा कमीपणा, म्हणून विरोध असेल तो आधीच बाहेर काढून मिटवायचा. मोठ्या मीटिंगमध्ये बहुतेक वेळा आधीच ठरलेल्या गोष्टीवर सगळे मान डोलावतात एवढंच.

म्हणजे तुमच्याकडं जे लोक आले त्यांतला वयानं मोठा, मधल्या खुर्चीत बसलेला साहेब ऑर्डर देणारा आहे असं समजू नका. डायरी घेऊन कोपऱ्यात बसलेला, टूलची लाइफ किती, इन्स्पेक्शन किती पीसनंतर, असलं बारीकसारीक विचारणारा पोरगा असेल ना, कागद बहुतेक तो लिहिणार आहे. आणि दर आठवड्याला येणारा प्रश्न त्याचा स्वतःचा नसतो. क्वालिटीवाल्यानं विचारलं की त्यानं तुम्हाला विचारलं, पुढच्या आठवड्यात अकाउंटवाल्यानं विचारलं की परत तुम्हाला. प्रश्न येतायत याचा माझ्या हिशोबानं अर्थ एकच, कागद फिरतोय. प्रश्न बारीक होत चालले तर अजून चांगलं. मला काळजी वाटते ती प्रश्न बंद झाले की, किंवा उत्तरात नुसतं गोड गोड आभार आणि "जरा अवघड दिसतंय" असं आलं की, कारण तोंडावर नाही म्हणायला ते आपल्याइतकेच लाजतात, तिथंच समजून घ्यायचं.

आता पुराचा प्रश्न. तुम्ही लिहिलंय की "आम्ही सांगितलं कुपवाड उंचावर आहे, काही होत नाही." हे उत्तर खरं आहे आणि तरी कच्चं आहे. तो माणूस पूर का विचारतोय ते बघा. १ फेब्रुवारी १९९७ ला टोयोटाला पार्ट पुरवणाऱ्या ऐसिन कंपनीच्या जपानमधल्या कारिया शहरातल्या कारखान्याला आग लागली, तिथं ब्रेकचा एक छोटासा व्हॉल्व्ह बनायचा, आणि टोयोटाचा त्या व्हॉल्व्हचा जवळजवळ सगळा माल तिथनंच यायचा, त्यामुळं एवढ्याशा पार्टपायी टोयोटाच्या लाइनी काही दिवस बंद पडल्या. मग ११ मार्च २०११ चा भूकंप आणि त्सुनामी, त्यात रेनेसास या जपानी कंपनीचा नाका नावाचा चिपचा कारखाना बंद पडला आणि जगभरच्या गाड्यांच्या कंपन्या अडकल्या. त्याच वर्षी थायलंडला पूर आला, होंडाचा अयुथ्थायाचा प्लँट पाण्यात गेला. एवढं सोसलेल्या कंपनीतला माणूस सांगलीचं नाव गूगल करतो तेव्हा पहिल्यांदा त्याला काय दिसणार? २०१९ चा पूर, सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर, जिथं धोक्याची पातळीच ४५ आहे. मग परत २०२१. तुमचं शॉप कोरडं राहील, मान्य, पण ऑपरेटर कुठं राहतात? सांगलीवाडीत, गावभागात राहत असतील तर ते कामावर कसे येणार? कोल्हापूरचा हायवे बंद झाला तर कास्टिंग कुठनं येणार? प्लेटिंगवाला कुठल्या भागात आहे? लाइट गेली तर जनरेटरवर किती मशीन चालतात? ही उत्तरं पानभर लिहून, ऑपरेटरांच्या राहण्याच्या भागांसकट, पर्यायी प्लेटिंगवाल्याच्या नावासकट पाठवा. त्या पोराला तो कागद आपल्या रिंगीशोला तसाच जोडता येतो. "काही होत नाही" हे कुठं जोडणार तो?

एक गोष्ट इथं सांगायला हवी, नाहीतर सगळं "जपानी असेच असतात" असं होऊन बसेल. वर जे सांगितलं त्यातलं निम्मं संस्कृतीचं नाहीच, अनुभवातनं आलेलं शहाणपण आहे, आपल्या कुणाची लाइन एका व्हॉल्व्हपायी बंद पडली असती तर आपणही हेच विचारलं असतं. हॉफस्टेड नावाच्या डच संशोधकानं १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या देशोदेशीच्या नोकरदारांकडनं प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि देशांना आकडे दिले, ते आकडे ट्रेनिंगमध्ये सारखे दाखवतात. त्यात वरच्याची सत्ता गपगुमान मान्य करण्याचा आकडा भारताचा ७७ आणि जपानचा ५४, अनिश्चितता नको वाटण्याचा आकडा जपानचा ९२ आणि आपला ४०. माझ्या अनुभवाशी हे बऱ्यापैकी जुळतं, विशेषतः पहिलं, कारण आपल्याला वाटतं की वाकून नमस्कार करणारे जपानी म्हणजे साहेब म्हणेल ती पूर्व दिशा, तर तसं नाही, साहेबालाही खालनं आलेला कागद सहजासहजी फिरवता येत नाही. पण हा सगळा अभ्यास एकाच कंपनीच्या नोकरदारांवरचा आणि जुना, आणि तुमच्या समोर बसणारा माणूस म्हणजे सरासरी नव्हे, त्यामुळं आकडे पाठ करून मीटिंगला जाऊ नका.

तुमच्या केसमध्ये काय काय बघायला लागेल, तर पहिलं हे की कंपनीचा प्लँट भारतात आहे की माल थेट जपानला जाणार. सुपा, नीमराणा, चाकण, जिथं जपानी कंपन्यांचे इथले प्लँट आहेत तिथं परचेसला आपलीच माणसं असतात. तो परचेस मॅनेजर फोनवर "हो हो, झालंच समजा" म्हणतो, आणि त्याचं ते खोटं नसतं, त्याच्या पुरतं झालेलं असतं, पण नव्या सप्लायरची मंजुरी बऱ्याचदा जपानला हेड ऑफिसमध्ये असते. म्हणून सरळ विचारायचं, मंजुरी इथं होते का तिकडं, आणि साधारण कुठल्या महिन्यात. यात काही वाईट दिसत नाही. दुसरं, पार्ट कुठला आहे. ब्रेक, स्टिअरिंग असल्या जागेचा असेल तर वर्ष जातं, साधा ब्रॅकेट असेल तर लवकर. तिसरं, ते मॉडेल कधी चालू होणार, कारण प्रॉडक्शन दीड वर्षानं असेल तर आज ऑर्डर द्यायची त्यांना घाईच नाही. आणि एप्रिल. त्यांचं आर्थिक वर्ष आपल्यासारखंच एप्रिल ते मार्च, आणि बऱ्याच कंपन्यांत बदल्या एप्रिललाच होतात, तुमचा तो डायरीवाला पोरगा दुसऱ्या खात्यात गेला तर नवीन माणसाला पहिल्यापासनं सगळं समजवायला लागेल. म्हणून सगळी उत्तरं आत्ताच एका फाइलमध्ये लावा, मशीन लिस्ट, प्रोसेस फ्लो, कंट्रोल प्लॅन, गेजचं कॅलिब्रेशन, सॅम्पलचे रिपोर्ट, पुराचा कागद. विखुरलेल्या ईमेलमधनं त्या बिचाऱ्याला गोळा करायला लावू नका.

आता रेट. तुम्ही दिलेला आकडा त्या फिरत्या कागदावर आहे. मधेच तुम्ही आपणहून पाच टक्के कमी केले तर ज्यांनी शिक्का मारलाय त्यांना परत दाखवायला लागतो, आणि वर प्रश्न, आधीचा रेट मग कशाच्या जोरावर दिला होता? त्यांना कॉस्ट ब्रेकअप लागतो, मटेरियल किती, सायकल टाइम किती, टूल किती, त्यात न बसणारी सूट त्यांना आनंदाची वाटत नाही, संशयाची वाटते. शिवाय काम सुरू झाल्यावर दरवर्षी थोडा रेट कमी करा अशी मागणी येणारच असते, गाड्यांच्या धंद्यात ती रीतच आहे. आजच सगळं देऊन बसलात तर पुढच्या वर्षी काय देणार?

आणि कृपा करून ओळख काढू नका. हे मी मुद्दाम सांगतोय कारण आपल्याकडचा हा आवडता उपाय आहे. एका युनिटच्या मालकानं, नाव सोडा, असाच उशीर झाल्यावर पाहुण्यांतला कुणीतरी त्या कंपनीच्या डायरेक्टरला ओळखतो म्हणून वरनं फोन लावला. डायरेक्टरनं खाली विचारलं हे प्रकरण काय आहे. खालचा माणूस सहा डिपार्टमेंटांना समजावत फिरत होता, त्याला वाटलं आपली तक्रार झाली. कागद तिथंच थांबला, कुणी नाही म्हणालं नाही, फक्त नंतर कुणी काही म्हणालंच नाही. आपल्या कारखान्यात, बँकेत, झेडपीत वरचा फोन चालतो कारण निर्णय वरच असतो. जिथं निर्णय खालनं वर चढतो तिथं वरचा फोन म्हणजे चढणाऱ्याचा पाय ओढणं.

जर्मन माणसाबद्दल वडिलांना समजवायला लागेल. पहिल्याच दिवशी त्यानं फिक्स्चर चुकीचं आहे, गेजवर तारीख नाही, रिजेक्शनचा डबा चांगल्या मालाशेजारी आहे, हे सगळ्यांसमोर सांगितलं, आणि वडिलांना ऑपरेटरांसमोर ते लागलं. लागणारच, तीस-चाळीस वर्षं धंदा केलेल्या माणसाला कालचा पोरगा शिकवतोय. पण तो वडिलांबद्दल काही बोलला नव्हता, डब्याबद्दल बोलला होता. ज्याला काम द्यायचंच नाही त्या सप्लायरवर तिथला इंजिनिअर एवढा वेळ घालवत नाही. गाड्यांचं काम असेल तर ते बहुतेक व्हीडीए ६.३ नं, म्हणजे जर्मन गाडी उद्योगाच्या प्रोसेस तपासणीच्या पद्धतीनं, ऑडिट करतात, त्यात ९० टक्क्यांच्या वर गेलं की ए ग्रेड, ८० ते ९० बी, खाली सी. म्हणजे निर्णयाचा मोठा भाग त्या मार्कांत असतो, आणि मार्क त्यानं काढलेल्या चुका तुम्ही कशा भरून काढता यावर सुधारतात. त्याला दोन आठवड्यांत उत्तर द्या, प्रत्येक मुद्दा, काय केलं, कुणी केलं, तारीख, आधीचा आणि नंतरचा फोटो. जे नाही जमणार ते नाही जमणार असं लिहा, ते त्याला चालतं. "करू आपण" चालत नाही, कारण त्यानं ती तारीख त्याच्या प्लॅनमध्ये टाकलेली असते.

जर्मनांकडं कुणाला किती अधिकार हे कागदावर ठरलेलं असतं. प्रोकुरा नावाचा सहीचा अधिकार असतो तो सरकारी व्यापार रजिस्टरमध्ये नोंदवलेला असतो, ज्याला तो आहे त्याची सही कंपनीला बांधून घेते. त्यामुळं तिथं साहेब कोण हे शोधत बसायचं कारण नाही, विचारलं की सांगतात. पण एकदा ठरलं की ठरलं, नंतर प्लेटिंगवाला बदलला, मशीन बदललं, शेड बदललं, तरी आधी कळवून परत मंजुरी घ्यायची. आपली पोरं इथं फसतात, शेजारचा प्लेटिंगवाला रुपयानं स्वस्त मिळाला की गुपचूप बदलतात, माल चांगला असला तरी कळल्यावर विश्वास जातो तो जातोच.

अमेरिकन कस्टमर तुम्हाला अजून नाही, पण येईल, म्हणून चार ओळी. तिथं एका बायरच्या हातात बरंच असतं, तो पहिल्या कॉलवर सुद्धा ट्रायल ऑर्डर देऊन टाकतो, आणि तेवढ्याच सहज तीन महिन्यांनी दिशा बदलतो, नाहीतर नोकरीच बदलतो. लगेच हो मिळालं म्हणून पक्कं समजायचं नाही, ऑर्डर रद्द झाली तर कापलेल्या मटेरियलचे पैसे कोण देणार हे पीओमध्ये, म्हणजे खरेदीच्या लेखी ऑर्डरमध्ये, लिहून घ्यायचं. दुबईचा बेदाण्याचा, हळदीचा व्यापारी मात्र आपल्या ओळखीचा वाटतो, मालक स्वतः बसतो, आधी घरचं-दारचं विचारतो, मग धंदा. फक्त वार सांभाळा, युएईत २०२२ पासनं शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस, सौदीत अजून शुक्रवार-शनिवार.

हे सगळं झालं त्यांचं. आता आपल्याकडं तिकडच्या माणसाच्या नजरेनं बघा. मीटिंगला तुम्ही बसलात, हो म्हणालात, आणि घरी गेल्यावर वडील म्हणाले नको. त्या जपान्याला तुमच्या ऑर्गनायझेशन चार्टमध्ये वडील दिसतच नाहीत, चार्टमध्ये तुम्ही मॅनेजिंग पार्टनर. मग नव्या मशीनचा शब्द दिलात आणि पितृपंधरवडा लागला म्हणून पीओ थांबवलात, त्याला काहीच कळवलं नाहीत, तो तिकडं बसलाय की सप्लायर गप्प का झाला. पितृपंधरवड्यात मशीन घेऊ नका, माझं काही म्हणणं नाही, मीही घेत नाही, पण "मशीनची ऑर्डर अमुक तारखेला देणार" एवढं आधी सांगा, कारण सांगितलंच पाहिजे असंही नाही. आणि वडिलांना पुढच्या मीटिंगला बसवा. बोलायचं नसेल तर बसू देत नुसतं. त्यांना आपल्याला डावललं नाही हे कळेल, आणि समोरच्यालाही कळेल की शेवटचा शब्द कुणाचा. मोठ्या पैशाचं काही निघालं की "हे आम्ही दोघं बोलून गुरुवारी सांगतो" म्हणायला काही हरकत नाही, फक्त गुरुवारी सांगायचं.

कुणाच्या मागं लागू विचारलंत तर दोघांच्याही, पण जर्मनाचं उत्तर आधी, कारण त्याचं घड्याळ चालू आहे आणि तुम्ही अजून काहीच पाठवलेलं नाही. जपान्याला फाइल पाठवा आणि सोबत विचारा की कुठल्या डिपार्टमेंटला अजून काय हवंय. उत्तर लगेच येत नसेल तर "सोमवारपर्यंत पाठवतो" एवढं तरी त्याच दिवशी कळवा.

तुम्ही शेवटी लिहिलंय की या कामासाठी दुसरं व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं उभं मशीनिंग सेंटर) घ्यायचं लोन बघताय. प्रोजेक्ट रिपोर्ट करून ठेवा, बँकेशी बोलून ठेवा, मशीनवाल्याकडनं कोटेशनही घ्या. सही मात्र पीओ किंवा लेखी नॉमिनेशन, म्हणजे त्या पार्टसाठी तुमची निवड झाल्याचं पत्र, हातात आल्यावरच, मीटिंगमधल्या मानांवर हप्ता चालू करू नका.